दोन पिशव्या

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलास. "शुगर कंट्रोलमध्ये आहे म्हणता, मग पुन्हा ॲडमिट का व्हावं लागलं?" तेव्हा बोलायला दम नव्हता, शिवाय तुझी आई शेजारीच बसली होती. आता घरी येऊन नऊ दिवस झाले, म्हणून लिहितो.

माझ्या दोन पिशव्या तुला ठाऊक आहेत. खुंटीवरची निळी साखरेची, कपाटातली पांढरी हार्टची. डॉक्टरही दोन. कारखान्यात ताण्याचा माणूस वेगळा, कांड्या भरणारी बाई वेगळी, तसंच हे असेल असं मी धरून चाललो. चादर शेवटी एकच निघते, हे मागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला सुचू नये!

निळ्या पिशवीत पायोग्लिटाझोन नावाची गोळी होती, हार्टचं निघायच्या आधीपासूनची. साखर तिनं छान उतरायची. पण ती अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते, म्हणून हार्ट फेल्युअरवाल्याला, म्हणजे ज्याचं हार्ट अंगाला पुरेल इतकं रक्त ढकलू शकत नाही त्याला, ती देत नाहीत. हार्टच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काही चालू आहे?" मी म्हणालो, "साखरेचं नेहमीचं." पिशवी दाखवली नाही. त्यात संक्रांतीचा आठवडा, म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर लोणचं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरून परतताना चारदा थांबलो. तुझी आई म्हणाली, "असं का धापा टाकायलाव?" मी गर्दीवर ढकललं. वजन 4 किलो वाढलं होतं, मोज्याचा वळ घोट्यावर रुतत होता, रात्री एक उशी पुरेनाशी होऊन तीन लागायला लागल्या. हे सगळं पाणीच होतं रे.

ॲडमिट होतो तिथल्या तरुण डॉक्टरनं समजावलं ते असं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की हार्टचा स्नायू ताठ होतो, नीट सैल पडत नाही, त्यामुळे रक्त पुरतं भरत नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. किडनीही बिघडत जाते, मग पाणी साठतं. उलट बाजूनं, हार्ट थकलं की चालणं-फिरणं कमी होतं, इन्सुलिनचा असर उतरतो आणि साखर चढते. म्हणजे दोघं एकमेकांना हात देतात. नुसतं हार्ट फेल्युअर असलेल्यापेक्षा साखरही असलेला माणूस जास्त वेळा दवाखान्यात येतो आणि लवकर दगावतो, हे त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. मला आवडलं ते.

आणि माझ्या छातीत कधी दुखलं नाही याचा मला केवढा अभिमान! साखरेनं नसा बधिर होतात, दुखणं कळतच नाही. पहिल्या ईसीजीत जुना झटका दिसला होता, आठवतं? तो कधी येऊन गेला, मला अजून पत्ता नाही. पंपिंग, म्हणजे हार्ट दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, तेव्हाच 35 टक्क्यांवर आलं होतं.

आता ती गोळी त्यांनी बंद करून डॅपाग्लिफ्लोझिन दिलीय. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. तू विचारलंस, वाड्यातल्या मास्तरांना साखर नाही, मग त्यांना हीच शुगरची गोळी कशाला? 2019 साली मोठी चाचणी झाली. साखर नसलेल्यांचंही हार्ट फेल्युअर या गोळीनं कमी बिघडलं, म्हणून त्यांनाही. फक्त उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपास असला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. म्हणून एकादशी सोडली. आईला ते पटलेलं नाही.

रोज सकाळी चहाआधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर फोन करायचा, असं ठरलंय. पिशवी आता एकच आहे, निळी.

हे पत्र खरं तर माझ्यासाठी नाही. तुझ्या आईला साखर निघून सहा वर्षं झाली. गोळी घेते, तपासणी टाळते. दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं बोलता बोलता सांगितलं की अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात लोकांना वर्षानुवर्षं तपासलं, त्याचा 1974 चा निष्कर्ष असा : साखर असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअर दुपटीनं, बायकांत पाचपटीनं. मी तिच्याकडे पाहिलं, ती पाण्याची बाटली भरत होती.

हल्ली गच्चीवर वाळवण घालायला जाताना ती मधल्या पायरीवर थांबते. विचारलं तर म्हणते, गुडघे. मीही गर्दी म्हणत होतो. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं ये. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून सोमवारची रजा टाक. इको आणि ईसीजीसाठी सकाळचा नंबर मी लावून ठेवलाय, तिच्या नावानं. तिला वाटतंय माझाच आहे.

तुझे,
अण्णा
सोलापूर