मूकपटातला विनोद वेगाने मारू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जर्मन मूकपट म्हटला की मुंबईतल्या रसिकांना आठवतात त्या लांबलचक सावल्या आणि तिरक्या भिंती. त्याच काळात तिथे फर्मास विनोदपटही निघत होते. हान्स बेरेन्ट यांचा १९२७ सालचा ‘डी होझे’ (म्हणजे ‘चड्डी’) हा त्यांपैकी एक. एका सरकारी कारकुनाच्या बायकोची चड्डी भर रस्त्यात घसरते. नवऱ्याला तिच्या लाजेची पर्वा नाही, धास्ती आहे ती नोकरीची आणि लोक काय म्हणतील याची. त्याच प्रसंगाने वेडावलेले दोन पुरुष खोली भाड्याने घ्यायला दारात येतात आणि भाड्याच्या पैशांपुढे त्याची नीती निमूट बसते. मूळ नाटक कार्ल स्टर्नहाइम यांचे. १९११ मध्ये बर्लिनच्या पोलिसांना त्याचे नावच खटकले, म्हणून ते दुसऱ्या नावाने रंगमंचावर आणावे लागले.

मराठी उपशीर्षके लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे ‘अंतर्वस्त्र’ लिहिणे म्हणजे त्या पोलिसांचेच काम पुढे चालवणे. शब्द ‘चड्डी’च हवा.

पण खरा घात होतो तो फिल्म चालवण्याच्या वेगाने. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. हजार फुटांचे रीळ सेकंदाला १८ चौकटींनी जवळजवळ १५ मिनिटे चालते, बोलपटाच्या २४ चौकटींनी ११ मिनिटांत संपते. ही चार मिनिटे अभिनयातून कापली जातात. वेर्नर क्राउस यांचा कारकून जड पावलांचा, स्वतःवर खूश असलेला माणूस आहे. तो तुरुतुरु धावू लागला की कळसूत्री बाहुली होतो आणि त्याचा दंभ दिसेनासा होतो. सगळे मूकपट १८ नेच चालवावेत असेही नाही. १९२७ पर्यंत वेग बराच वाढला होता. संग्रहालयाने प्रतीसोबत दिलेली नोंद आधी वाचावी, ती नसेल तर माणसांची चाल पाहून ठरवावे. डिजिटल प्रतीत बहुधा १८ चे २४ करण्यासाठी दर तिसरी चौकट दोनदा घातलेली असते. ते न पाहता चालकाने वेग आणखी कमी केला, तर चित्रपट रेंगाळतो.

दुसरी खोड पडदा भरण्याची. मूकपटाच्या चौकटीत रुंदी-उंचीचे प्रमाण साधारण १.३३ : १ असते. ती सोळा-नऊच्या रुंद पडद्यावर कडेपर्यंत मोठी करून भरली, की वरखालून मिळून पाव चित्र कापले जाते. ज्या गोष्टीचा सगळा घोळ पायांशी पडलेल्या कापडाचा आहे, तिथे पायच कापायचे? दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी.

संगीताला पियानो असो वा पेटी-तबला, वादकाला प्रत निदान दोन-तीन दिवस आधी द्यावी. चड्डी घसरताना ढोल बडवू नये. तिथे क्षणभर शांतता ठेवली तर हशा प्रेक्षकांतून आपोआप उठतो. सीडी लावून दिली, की ती हशासाठी थांबत नाही.

मुंबईत मूकपटांचे खेळ करणाऱ्या सर्व संस्थांना विनंती, की खेळाच्या सूचनेतच चौकटींचा वेग, पडद्याचे प्रमाण आणि वादकाचे नाव छापावे.

आपले,
मूकपटांचे काही अभ्यासक, दादर, मुंबई