दुतोंड्या मारुती एवढा ठेंगणा कधी झाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात नाशिकच्या गोदाघाटाचं एक मोठं रंगीत चित्र आलं होतं. खाली ओळ होती, 'असा दिसणार रामकुंड परिसर' आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'छायाचित्र'. पेपर आईच्या हातात होता. तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "अगं, हा दुतोंड्या एवढासा कसा झाला?" दुतोंड्या म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली मारुतीची उंच मूर्ती.

आईचं माहेर पंचवटीतलं. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर त्यांच्या घरात धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही ते ठरायचं. ते माप तिच्या डोळ्यांत कायमचं बसलंय. चित्रात मात्र मूर्तीशेजारी उभा असलेला एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस मारुतीच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं की मान वर करावी लागते, हे कुठल्याही नाशिककराला विचारा.

मग मी भिंग घेऊन बसले. घाटावर अंघोळ करणाऱ्या खऱ्या माणसांच्या सावल्या गावाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला पडलेल्या, म्हणजे शूटिंग सकाळचं. चित्रातल्या नव्या मंडपाची सावली बरोबर उलटी, पूर्वेला पंचवटीकडे. त्या मंडपाचा सूर्य दुपार करून बसलाय आणि खालची माणसं अजून सकाळची अंघोळ करताहेत!

हे मला दिसलं याचं कारण, हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. खऱ्या व्हिडिओत संगणकावर तयार केलेलं त्रिमितीय मॉडेल बेमालूम बसवून देणं, धंद्याच्या भाषेत कंपॉझिटिंग. इंदिरानगरात दोन खोल्यांत माझा छोटा स्टुडिओ आहे. ते चित्र छायाचित्र नव्हतं, अशाच एका व्हिडिओतली थांबवलेली फ्रेम होती. ज्यांनी केलं त्यांची चूक काढायला मी लिहीत नाही; घाईच्या कामात माझ्याही चुका झाल्यात. चूक कुठे होते ते वाचकांना कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

लोकांना वाटतं बटण दाबलं की इमारत उभी राहते. प्रत्यक्षात पहिला दिवस कॅमेऱ्याचा माग काढण्यात जातो. ड्रोन पुढे सरकला की जवळची पायरी फ्रेममध्ये भराभर सरकते आणि लांबचा कळस हळूहळू. या फरकावरून कॅमेरा कुठे होता, कसा वळला, हे सॉफ्टवेअर हिशेब करून काढतं. त्याला धरायला स्थिर ठिपके लागतात: दगडाचा कोपरा, पायरीची तुटकी कड, भिंतीवरचा डाग. पाणी, कबुतरं, माणसं, वाळत घातलेली लुगडी काही कामाची नाहीत, कारण ती स्वतःच हलतात. गोदाघाटावर न हलणारं काही सापडणं सोपं नाही, ते सोडा.

पण सगळा हिशेब जमला तरी सॉफ्टवेअरला एक गोष्ट कधीच कळत नाही: हे सगळं किती फूट आहे. व्हिडिओवरून त्याला आकार कळतो, माप कळत नाही. खरा घाट आणि टेबलावरचा थर्मोकोलचा घाट त्याच्या लेखी सारखाच. कोणीतरी माणसाने जाऊन एक तरी अंतर मोजून ते त्याच्यात भरावं लागतं. ते भरलं नाही, किंवा अंदाजाने भरलं, की मारुती ठेंगणा दिसतो आणि शेजारी बसवलेली संगणकातली माणसं उंच होतात.

म्हणून मी टेप घेऊन जाते. मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी सकाळी सहाला घाटावर पायऱ्या मोजत होते. सोबत भांडी बाजारातून घेतलेला स्टीलचा चकचकीत गोळा. तो जागेवर ठेवून, कॅमेऱ्यात दर वेळी कमी-जास्त उजेड घेत, त्याचे पाठोपाठ फोटो काढले की आजूबाजूचा सगळा उजेड, आभाळासकट, त्या गोळ्यात गोळा होतो. मग त्याच उजेडात मॉडेल न्हाऊन काढायचं. शेजारी कपडे धुणाऱ्या मावशींनी आधी गोळ्याला नमस्कार केला. मग टेप बघून म्हणाल्या, "पाण्यात कोणाचं घर बांधतेस गं?" आमच्या धंद्याला याहून नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.

पुढचं सगळं कारागिरीचं. मॉडेलची सावली खऱ्या पायऱ्यांवर पडावी म्हणून तिथे एक अदृश्य फरशी अंथरायची, जी फक्त सावली झेलते. मॉडेलच्या पुढून जाणारा माणूस पुढेच दिसावा म्हणून त्याची कड फ्रेम-फ्रेमला कोरायची. फुटेजला जेवढे दाणे, म्हणजे चित्रातला बारीक खरखरीतपणा, तेवढेच मॉडेलवर पेरायचे, नाहीतर ते गोंदाने चिकटवल्यासारखं दिसतं. एक चित्र दुसऱ्यावर बसवायचं मूळ गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलं, तेच आजही चालतं. साधनंही आता महाग राहिली नाहीत. ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, २००२ पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे. कॉलेजची पोरं मोबाइलवर शूट करून घरी हे शिकताहेत आणि छान शिकताहेत. (फक्त शूट करताना मोबाइलचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, बंद ठेवा रे, कॅमेऱ्याचा माग काढण्याचा बट्ट्याबोळ होतो.)

आता माझं स्वतःचं. गंगापूर रोडच्या पुढे एका बिल्डरचं काम केलं होतं. वीस सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पाचशे फ्रेम. ड्रोन संध्याकाळी उडवलेला आणि इमारतीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे दर्शनी भाग सावलीत. साहेब म्हणाले, "फ्रंट चमकला पाहिजे." मी सूर्य फिरवला. मग म्हणाले, "ती वरची तार नको." प्लॉटच्या कडेने उच्चदाबाची वीजवाहिनी गेली होती. कॅमेरा फिरता असल्यामुळे तिच्यामागचं आभाळ आणि झाडं नव्याने तयार करून जागेवर बसवावी लागली. अडीच दिवस लागले. काम इतकं साफ झालं की मी स्वतःवरच खूश होते.

सहा महिन्यांनी त्याच ऑफिसात बिल मागायला गेले, तेव्हा एक निवृत्त गृहस्थ सेल्सच्या मुलाशी हळू आवाजात बोलत होते. भांडत नव्हते. एवढंच विचारत होते, "व्हिडिओत तार नव्हती, ती नंतर टाकली का?" मुलगा म्हणाला, "काका, ते आर्टिस्टिक असतं." मी खाली बघून बसले. तार नंतर टाकलेली नव्हती, मी आधी पुसली होती.

हे मी वडिलांना सांगितलं. ते पूर्वी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचे. व्हीएचएसच्या काळात मिक्सरवर नवरी कमळात बसवायची, नवरदेव ताजमहालासमोर उभा करायचा, बदामात दोघांचे चेहरे फिरवायचे. ते म्हणाले, "कमळातल्या नवरीला कोणी खरं समजत नव्हतं. म्हणून आम्ही सुखाने झोपलो." दादासाहेब फाळके तर इथलेच, जन्म त्र्यंबकेश्वरचा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पडद्यावर चमत्कार त्यांनीही घडवले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. पण तिकीट काढून आत बसलेल्याला आपण कथा बघायला आलोय हे ठाऊक होतं. फ्लॅट बघायला किंवा पेपर वाचायला बसलेल्याला ते ठाऊक नसतं.

सिंहस्थ २०२७ चा आहे. तोवर पूल, घाट, रस्ते, वाहनतळ यांची अशी कितीतरी चित्रं येतील आणि बरीचशी तुमच्याकडेच छापायला येतील. तेव्हा त्यांना 'छायाचित्र' म्हणू नका, 'संगणकीय कल्पनाचित्र' म्हणा. चित्र देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. मूळ शूटिंग कोणत्या दिवशी, किती वाजता झालं? मॉडेलची मापं मंजूर नकाशातली आहेत की अंदाजाची? आणि काय काय पुसलं? तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळतील, मीही अडखळले असते. जमलं तर मॉडेल न बसवलेली तीच फ्रेम मागून शेजारी छापा. ती प्रत्येक स्टुडिओत असतेच, तिच्याशिवाय आमचं कामच होत नाही.

सोबत एक खरं छायाचित्र पाठवत आहे. काल सकाळी साडेसातला काढलं. दुतोंड्या मारुतीशेजारी माझे वडील उभे आहेत, उंची पाच फूट सहा इंच, चपलेसह. रविवारच्या चित्राशेजारी ठेवून पट्टीने मोजून बघावं.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक

ता. क. नाव छापू नये. ते बिल अजून अडकलेलं आहे.