पहिल्या कॉन्सर्टला निघालेल्या लेकीस

प्रिय बाळा,

जी गाणी तुला शब्दन् शब्द पाठ आहेत, ती शनिवारी जशीच्या तशी ऐकू येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. लय थोडी चढलेली असेल. गिटारचा सोलो अल्बममध्ये संपतो तिथे संपणार नाही. एखादं गाणं अर्ध्या स्वराने खाली उतरवलेलं असेल, कारण पंचविशीत स्टुडिओत लावलेला सूर पन्नाशीत, एकामागून एक गावं फिरताना, दोन-दोन तास उभं राहून लावणं कुठल्याही गळ्याला सोपं नसतं. काही जण यावर हिरमुसतात, ‘रेकॉर्डसारखं नाही वाटलं’ म्हणत बाहेर पडतात. रेकॉर्डसारखंच हवं असेल तर रेकॉर्ड आहेच की. तुला तिथे वेगळंच काही मिळणार आहे, आणि ते काय, हे एका जुन्या चाहतीने नव्या चाहतीला सांगावं म्हणून हे पत्र.

रेकॉर्ड ऐकताना गाणं तुझ्यापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. त्यात तुला काही घालता येत नाही. कॉन्सर्टमध्ये मात्र समोरची माणसं गाण्यात असतात. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाहीये. क्वीन या बँडचीच गोष्ट घे. १९७७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, पण लोक हलेनात. फुटबॉलच्या सामन्यांत प्रेक्षक जे गाणं एकमुखाने गातात, ते त्यांनी बँडसाठी गायला सुरुवात केली. गिटारवादक ब्रायन मे यांच्या मनातून ते जाईना. इतक्या दाटीत उभ्या असलेल्या माणसाला करता काय येतं? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येतं. बस्स, तेवढ्यावर त्यांनी ‘वी विल रॉक यू’ उभं केलं. दोनदा पाय, एकदा टाळी, आणि वर आवाज. शेवटी गिटार येईपर्यंत त्यात दुसरं वाद्यच नाही. म्हणजे प्रेक्षकांनी बँडला काहीतरी दिलं आणि बँडने ते गाणं करून प्रेक्षकांना परत केलं.

पुढचा भाग मला त्याहून आवडतो. मे हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. स्टुडिओत मोजक्या माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले, त्याचे थर एकावर एक चढवले गेले आणि त्यांना वेगवेगळा उशीर दिला गेला. हे उशीर मूळ संख्यांच्या हिशोबाने ठरवले, म्हणजे कानाला नुसता प्रतिध्वनी वाटू नये, खरोखरचा जमाव वाटावा. कारण खरा जमाव कधी एका क्षणात टाळी वाजवत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याची टाळीही तेवढीच मागाहून पडते. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये क्वीनने जेमतेम एकवीस मिनिटं वाजवलं. समोर सुमारे बहात्तर हजार माणसं हात वर करून टाळ्या देत होती. ते चित्रीकरण पाहशील तेव्हा हातांकडे बघ. लाट पुढून मागे सरकत जाते.

तू जाशील त्या मैदानातही, मध्यावर, उंच मनोऱ्यांवर टांगलेले स्पीकर दिसतील. त्यांना मुद्दाम उशीर दिलेला असतो. स्टेजवरून निघालेला आवाज हवेतून तिथवर पोहोचतो, त्याच सुमारास हे स्पीकर बोलतात. नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला असता. एवढी मेहनत तुला दिसणार नाही, पण तुझ्यासाठीच ती केलेली असते. त्या सगळ्याचा लगाम ज्याच्या हातात असतो तो साउंड इंजिनियर प्रेक्षकांतच, मिक्सरच्या मागे उभा असतो. त्याच्या आसपास जागा मिळाली तर सोडू नकोस. तो जे ऐकून आवाज बसवतो, तेच तुला ऐकू येईल. सगळ्यात पुढे कठड्याला चिकटून उभं राहिलीस तर चेहरे जवळून दिसतील हे खरं, पण तिथे बरेचदा ड्रम आणि खालचे बेसचे स्पीकर बाकी सगळ्याला झाकून टाकतात. निवड तुझी. तुझ्या वयात मी कठडाच निवडला असता.

बीटल्स या बँडच्या हे काहीच नशिबी नव्हतं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्यांच्यासमोर पंचावन्न हजारांवर लोक होते आणि किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. आपण गाण्यात कुठे आहोत हे त्यांचा ड्रमर रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या पाठी आणि माना बघून ओळखायचा. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्याची कारणं बरीच, पण स्वतःचं संगीत ऐकू न येणं हे त्यातलं मोठं. मला त्याचं फार वाईट वाटतं. एवढं प्रेम समोर, आणि त्या प्रेमाच्याच गोंगाटात गाणं बुडालेलं.

आताचे वादक कानात छोटे मॉनिटर, म्हणजे इअरफोनसारखे इवले स्पीकर, घालतात. त्यांत ज्याला त्याला हवा तो आवाज मिळतो: ड्रमरला बेस, गायकाला स्वतःचा गळा. पण कान असे बंद झाले की प्रेक्षक ऐकू येईनासे होतात, आणि वादकांना ते सोसत नाही. म्हणून स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून मायक्रोफोन लावतात आणि तुमचा आवाज त्यांच्या कानांत सोडतात. तुमचं गाणं ऐकायला तिथे खास यंत्रणा बसवलेली असते गं! तरीही गायक मध्येच एका कानातला मॉनिटर काढून टाकताना दिसला, तर तो तुम्हालाच ऐकत असतो. तेव्हा कसूर करू नकोस. बेसूर झालं तरी चालेल, मोकळ्या गळ्याने गा.

माझ्या आवडत्या बँडला मी पाहिलं तेव्हा माझं वय तुझ्याहून बरंच जास्त होतं. त्यांची गाणी मी इतकी वर्षं एकटीने ऐकली होती, बहुतेक वेळा हेडफोन लावून, बहुतेक वेळा रात्री, की ती माझी खाजगी मालमत्ता आहेत असंच मला वाटायचं. त्यातलं एक गाणं फारसं गाजलेलं नाही. माझ्या एका कठीण काळात त्याने मला धरून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. ते वाजवतील अशी आशाच नव्हती. पहिले चार सूर आले आणि मला ओळखायला क्षणभर लागला, कारण ते एकट्या पियानोवर सुरू केलं होतं. गायक ध्रुवपदापाशी आला, मायक्रोफोन आमच्याकडे वळवला आणि गप्प उभा राहिला.

आणि ते सगळ्यांना येत होतं. सगळ्यांना! माझ्या डाव्या हाताला माझ्या दुप्पट उंचीचा एक अनोळखी माणूस डोळे मिटून गात होता. पुढे दोघी बहिणी असाव्यात, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून गात होत्या. माझं गुपित हजारो लोकांनी आपापल्या घरात आपापलं म्हणून जपलं होतं. मला वाटलं होतं की असं काही झालं तर गाणं आपल्या हातून निसटेल. झालं उलटंच. ते गाणं मला पूर्वी कधी नव्हतं इतकं माझं वाटलं. मी रडले, गायले, आणि त्या अनोळखी माणसाने गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. आम्ही एक शब्दही बोललो नाही. अजूनही तो माणूस मला मधूनच आठवतो.

यातलं शरीराचं किती आणि मनाचं किती, याचा अभ्यास करणारेही आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका खऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात, कानांना जाणवणार नाहीत इतके खालचे बेसचे सूर अधूनमधून चालू-बंद केले. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ते सूर चालू असताना लोकांची नाचतानाची हालचाल जवळपास बारा टक्क्यांनी वाढत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून छातीत धडधडल्यासारखं झालं तर घाबरू नकोस, शरीरही ऐकत असतं. फोनमध्ये हे काही येत नाही. त्याचा मायक्रोफोन एवढ्या आवाजात फाटतो, आणि बेस तर त्या एवढ्याशा स्पीकरमधून निघणारच नाही. एका गाण्याचा तुकडा हवा तर घे. पण तुझं ते आवडतं गाणं सुरू झालं की फोन खिशात.

कानांबद्दल मात्र मी ऐकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप) कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि बरेच कार्यक्रम तिच्या वर जातात. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास चालतात असा अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा हिशोब आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. तुझा कार्यक्रम दोन तासांचा. ‘द हू’ या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड, ‘कोल्डप्ले’ या बँडचा गायक ख्रिस मार्टिन, दोघांच्याही कानांत सतत आवाज वाजत राहतात, ते थांबत नाहीत. वादक वापरतात तसले इअरप्लग घे. ते सगळे सूर सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे गाणं गढूळ होत नाही, उलट शब्द नीट कळतात. फोमचेही चालतील, फक्त झांजा जरा दबतील. सुरुवातीचा बँड वाजायला लागण्याआधीच घाल. आणि तो सुरुवातीचा बँडही मनापासून ऐक. त्यांच्यासमोर दुसऱ्याच कुणाची वाट बघणारे लोक असतात, तरी ते जीव ओतून वाजवतात.

कुठली गाणी वाजवणार याची यादी आधी शोधू नकोस, असं मी सांगेन. पहिल्या सुरावर अख्खं मैदान एकदम ओरडतं, त्यातली निम्मी गंमत पुढे काय हे ठाऊक नसण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी जरा उदास वाटेल. मलाही वाटलं होतं, काही दिवस. अल्बम लावलास तर तो लहान वाटेल, आणि जिथे गायकाने तुमच्याकडे मायक्रोफोन वळवला होता तिथे तो स्वतःच गात असेल. तिथे तू गा. रविवारी दुपारी मला फोन कर, घाईत नको, निवांत. कुठल्या गाण्याने सुरुवात केली, कुठलं बदललं होतं, शेजारी कोण उभं होतं, सगळं सांग. मी त्यांचा तो दुसरा अल्बम आत्ताच पुन्हा ऐकायला घेतलाय, म्हणजे तू काय म्हणतेस ते मला नीट कळेल.

तुझी,
आई