घटसर्प पाहिला, म्हणून हे पत्र

मालवण,
१५ जुलै

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू ‘हो हो, बघतो’ म्हणतोस आणि विषय तुझ्या कामांत बुडून जातो, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलोय. सवडीने वाच, पण पूर्ण वाच.

गेल्या महिन्यात, मृगाचा पाऊस लागून आठवडा झाला असेल, आमच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा आला. ताप फारसा नव्हता. मान मात्र दोन्ही बाजूंनी सुजून जबड्याशी एक झालेली, श्वासाला घरघर. आई सांगत होती, “दोन दिस झाले, काय गिळूकच जमना नाय.” डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड उघडलं आणि मला हाक मारली, “स्वॅब घ्या, पण जपून.” म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना. मी आत पाहिलं. टॉन्सिलवरून पडजिभेपर्यंत राखाडी पापुद्रा पसरलेला, शहाळ्यातली मलई उघडी राहून काळवंडावी तसा. काडी टेकली तिथून लगेच रक्त आलं. चौदा वर्षं लॅबमध्ये काढली, पण पुस्तकातला हा पापुद्रा जिवंत पोराच्या घशात पहिल्यांदा पाहिला.

काचपट्टीवर नमुना पसरून तो जंतू ओळखायच्या अल्बर्टच्या रंगाने रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हिरवट काड्या, टोकांना काळेनिळे ठिपके, आणि मांडणी अशी की हातातून उदबत्त्या सांडाव्यात. पुस्तकात त्याला ‘चिनी अक्षरं’ म्हणतात. नुसत्या स्लाइडवरून खात्री होत नाही, जंतू वाढवून बघायला, म्हणजे कल्चरला, नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. डॉक्टर अहवालासाठी थांबले नाहीत, आणि तेच बरोबर होतं. जंतूचं विष निकामी करणारं औषध, अँटिटॉक्सिन, आमच्याकडे नव्हतं, ते येईस्तोवर रात्र गेली. ती रात्र मी विसरणार नाही.

बाहेर बाकड्यावर आजोबा बसले होते. त्यांना आजाराचं नाव सांगितलं, घटसर्प म्हणजे डिफ्थेरिया, तर म्हणाले, “घटसर्प ढोरांक येता, पोराक कसो येतलो?” त्यांचंही खरंच. गुरांच्या घटसर्पाचा जंतू निराळा, नाव तेवढं एकच. पावसाआधी गोठ्यातल्या गुरांना त्यांनी न चुकता लस टोचून घेतली होती. नातवाचा घटसर्पाच्या लसीचा बूस्टर मात्र राहिला होता. मुंबईत पहिले तीन डोस झाले, मग कुटुंब गावी आलं, कार्ड कुठल्या पिशवीत गेलं ते कुणालाच आठवेना. यात कुणाचा हलगर्जीपणा म्हणू? घर हलवताना असंच होतं.

सदा, त्या जंतूने मला अजून सोडलं नाही. कोरिनेबॅक्टेरियम डिफ्थेरी त्याचं नाव. ‘कोरिनी’ म्हणजे ग्रीकमध्ये सोटा. एक टोक फुगीर असतं म्हणून. १८८३ मध्ये क्लेब्सने तो पाहिला, १८८४ मध्ये लोफ्लरने वाढवून दाखवला. पण गंमत नाही, भीती वाटावी अशी गोष्ट पुढे आहे: विष बनवण्याचा जनुक त्याचा स्वतःचा नव्हेच. जंतूंना लागण करणारा एक विषाणू तो घेऊन येतो. विषाणू शिरला नसेल तर हाच जंतू घशात राहूनही हे विष बनवू शकत नाही. शिरला असेल आणि भोवती लोह कमी पडलं, की विष तयार होऊ लागतं. ते पेशीत घुसून प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं, आणि एक रेणूसुद्धा एका पेशीला पुरतो. जंतू घशातच बसून राहतो, विष रक्तातून हृदयाला आणि नसांना गाठतं. बेरिंगने १८९० मध्ये अँटिटॉक्सिनची वाट दाखवली, १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं. पण रक्तात मोकळं फिरणारं विषच ते पकडू शकतं. पेशीत शिरलेल्याला ते हात लावू शकत नाही. म्हणून त्या रात्री आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो.

याच कुळातले कितीतरी जंतू तुझ्यामाझ्या कातडीवर निवांत राहतात. पावसात जांघेत, बोटांच्या बेचक्यांत तांबूस चट्टे येतात ना, त्यातले काही या कुळातल्याच एका जंतूमुळे. वूड्स लॅम्पच्या अतिनील उजेडात ते पोवळ्यासारखे लाल चमकतात. आम्ही लॅबवाले बहुतेकदा ‘डिफ्थेरॉइड’, म्हणजे डिफ्थेरियाच्या जंतूसारखे दिसणारे, म्हणून त्यांना सोडून देतो. ते नेहमीच योग्य असतं असं नाही, कारण प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला त्यांतले काही जड जातात.

आणि जत्रेतल्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो? १९०८ मध्ये जपानच्या इकेदांनी समुद्रशैवालातून ती चव देणारा पदार्थ, ग्लुटामेट, वेगळा काढला. नंतर, १९५६ च्या सुमारास, किनोशितांना तोच पदार्थ भरपूर बनवणारा मातीतला एक जंतू सापडला, कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व अपुरं दिलं की तो ग्लुटामेट बाहेर सोडू लागतो. कोंबडीच्या खाद्यातलं लायसिन हे अमिनो आम्लही आज याच जंतूकडून बनवून घेतात. एका भावाने जगाला जेवू घातलं, दुसऱ्याने त्या पोराचा घास अडवला. हे वाचून मी फार वेळ गप्प बसलो.

मुलगा वाचला. हृदयाला जपायचं म्हणून कित्येक दिवस त्याला खाटेवरून उठू दिलं नाही. मध्यंतरी तो नाकात बोलायला लागला, टाळूच्या नसा सुस्तावल्या होत्या. आता आवाज सुधारतोय. घरातल्या सगळ्यांना आणि मलाही प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या.

आता मुद्द्याचं. आपली छकुली पाच पूर्ण झाली. घटसर्पाच्या लसीचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाले असतील. सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर लागतो, तेव्हा तुमचं ठाण्याहून पनवेलला हलणं चाललं होतं, मला चांगलं आठवतं. तो झाला का? पाच-सहा वर्षांचा तर आत्ताच द्यायचा. पुढे दहा आणि सोळाला टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, तिथूनच पुढे देतात, सरकारी केंद्रात फुकट. वहिनींना सांग, गरोदरपणात दिलेली टीडी ही आईची, ती छकुलीच्या हिशेबात धरू नका.

चतुर्थीला येणार आहातच. आई कुळथाची पिठी आणि सुकं बाजूला काढून ठेवते आहे. त्याआधी छकुलीचं कार्ड शोध, आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. कार्ड नाही सापडलं तरी कळव, मी इथल्या सिस्टरना विचारून पुढचं सांगतो.

तुझा,
विनू