पाहुण्यांच्या वाट्याला उरलेली मिनिटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या सभांची छायाचित्रे वरचेवर प्रसिद्ध होतात. गेल्या आठवड्यातही असेच एक छायाचित्र आले होते. त्याखाली डावीकडून उजवीकडे १३ पदाधिकाऱ्यांची नावे होती आणि शेवटी ‘व मान्यवर’ एवढेच. त्या मान्यवरांत त्या दिवशीचे प्रमुख वक्ते उभे होते. ते कोण, कशावर बोलले, याचा बातमीत उल्लेख नव्हता. यात दोष आपल्या वार्ताहराचा नाही, कारण ते निवेदन क्लबानेच लिहून पाठवले होते. मी त्याच क्लबाचा जुना सदस्य आहे. निवेदन पाठवण्यापूर्वी माझ्या नजरेखालून गेले होते आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. छापून आल्यावर वाटले, म्हणून हे पत्र.

वक्ते होते अग्निशमन दलात बरीच वर्षे काढलेले एक अधिकारी. अर्धा तास बोलायचे आहे असे त्यांना कळवले होते आणि त्याप्रमाणे हाताने लिहिलेली टिपणे घेऊन ते वेळेआधी आले होते. सभा घंटेच्या ठोक्यावर सुरू झाली खरी. परंतु अध्यक्षांचे मनोगत, सचिवांच्या सूचना, सदस्यांचे वाढदिवस, दुसऱ्या क्लबातून आलेल्या सदस्यांशी पताकांची देवाणघेवाण, आगामी शिबिराच्या उपसमित्यांची घोषणा आणि वक्त्यांचा पानभर परिचय एवढे सारे आटोपेपर्यंत त्यांच्यासाठी ११ मिनिटे उरली. त्यांनी टिपणांची घडी घालून खिशात ठेवली, आग लागल्यास गोंधळून जाऊ नये अशा अर्थाची चार सर्वसाधारण वाक्ये उच्चारली आणि ते बसले. आभार मानणाऱ्या सदस्याने ‘अत्यंत मौलिक मार्गदर्शन’ असे शब्द वापरले. ते त्याच्या कागदावर आधीपासूनच लिहिलेले होते.

जे सांगायला ते आले होते, ते त्यांनी नंतर वाहनतळावर आम्हा तिघाचौघांना सांगितले. गल्लीच्या वळणावर एक मोटार उभी असली तरी लांब बंबाला वळायला जागा उरत नाही, आणि बंब घटनास्थळापासून हाकेच्या अंतरावर येऊन अडकतो. इमारतींचे जिने अडगळ ठेवण्याची जागा होऊन बसतात. गच्चीच्या दाराची किल्ली नेमकी कोणाकडे असते हे रात्री तिथल्या रहिवाशांनाच सांगता येत नाही. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत वाकून बाहेर पडायचे, हे शाळेत शिकवलेल्या मुलांना आठवते आणि मोठी माणसे मात्र ताठ उभी राहून धावतात. हे सगळे ऐकणाऱ्यांत एक बांधकाम व्यावसायिक होता. त्याने आपल्या एका इमारतीच्या जिन्याविषयी लागोपाठ पाचसहा प्रश्न विचारले. ‘हे आत का नाही बोललात?’ असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी काही न बोलता मनगटावरचे घड्याळ दाखवले.

मला राहून राहून वाटते की, सभेचा जो भाग आपण भराभर उरकतो, त्याच भागासाठी ही सभा मुळात जन्माला आली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस या वकिलाने रोटरीची पहिली बैठक घेतली. तिला आलेल्या बाकीच्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या ठिकाणी भरायची, त्यावरून संस्थेला ‘रोटरी’, म्हणजे फिरती, हे नाव मिळाले. एका व्यवसायातून एकच सदस्य घ्यायचा, असा दंडक सुरुवातीच्या काळात होता. त्यात आपापसांतली धंद्याची सोय होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, खोलीत बसलेल्या प्रत्येकाला इतरांना ठाऊक नसलेले काहीतरी ठाऊक असे. पुढे हा दंडक सैल झाला. तरी नव्या सदस्याने आपल्या व्यवसायाविषयी इतरांना चार गोष्टी सांगायच्या, ही प्रथा अनेक क्लबांत टिकून आहे. बाहेरून वक्ता बोलावणे हे त्याच प्रथेचे पुढचे पाऊल: जो व्यवसाय, जो अनुभव आपल्या खोलीत नाही, तो तासाभरासाठी पाहुणा म्हणून बोलवायचा.

पाहुण्याच्या भाषणाने काय घडू शकते याचे माझ्या मते सर्वांत ठळक उदाहरण लायन्सचे आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात ३० जून १९२५ रोजी ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे हेलन केलर बोलल्या. बालपणीच दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या या बाईंनी उपस्थितांची स्तुती केली नाही की संस्थेच्या थोर परंपरेचा गौरव केला नाही. अंधांच्या बाजूने तुम्ही लढायला उभे राहा, असे मागणेच त्यांनी मांडले. आज लायन्स म्हटले की, नेत्रतपासणी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि जुने चष्मे गोळा करणे जे चटकन डोळ्यांसमोर येते, त्याचा उगम त्या भाषणात आहे. सूत्रसंचालकाने त्या दिवशी त्यांना ‘वेळेअभावी थोडक्यात’ अशी चिठ्ठी पाठवली असती तर काय झाले असते, याची कल्पना मी अधूनमधून करतो. याच गोष्टीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. व्यासपीठावरून एका स्त्रीचे म्हणणे ऐकून ज्या संस्थेने आपले जीवितकार्य ठरवले, तिने स्त्रियांना सदस्यत्वाचे दार १९८७ साली उघडले. रोटरीचे दार तर १९८९ साली उघडले, तेही कॅलिफोर्नियातील एका क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतल्यावर, त्यापायी आपली सनद गमावल्यावर आणि तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. पाहुणी म्हणून चालते, सदस्य म्हणून चालत नाही, अशी माणसे आजही आपल्या क्लबांत असतात. फक्त आता ती संस्थेच्या घटनेतल्या नियमामुळे बाहेर राहत नाहीत. वर्गणी, सभेची वेळ आणि सभेतली भाषा यांमुळे राहतात.

माझ्याकडे एक वर्ष कार्यक्रम समिती होती, त्या वर्षी अपघातानेच एक चांगली सभा पार पडली. ठरलेले वक्ते आदल्या दिवशी आजारी पडले आणि ऐनवेळी आम्ही घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या एका परिचारिकेला विनंती केली. ‘मला भाषण येत नाही,’ असे त्यांनी फोनवरच स्पष्ट सांगितले. म्हणून व्यासपीठ बाजूला ठेवले, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, मी प्रश्न विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखमा होतात; रात्री हे काम घरातले एकच माणूस करत असते आणि महिन्याभरात त्याचीच कंबर धरते; जमिनीवरच्या गादीवरून रुग्णाला उठवण्यापेक्षा उंची कमीजास्त करता येणारी खाट असेल तर निम्मा त्रास वाचतो, पण काही महिन्यांच्या आजारपणासाठी ती विकत कोण घेणार? हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. मागच्या रांगेतून एका सदस्याने उत्तरादाखल दुसरा प्रश्न केला, मग तिसऱ्याने, आणि घंटा वाजली तरी कोणी उठले नाही. त्या एका सभेतून आमचे रुग्णसाहित्य केंद्र उभे राहिले. खाटा, हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या अनामत घेऊन वापरायला द्यायच्या व काम झाले की परत घ्यायच्या, एवढे साधे त्याचे स्वरूप आहे. आमच्या क्लबाच्या ज्या कामाचे लोक अजूनही नाव काढतात ते हेच, आणि त्याची कल्पना क्लबातल्या कोणाही हुशार माणसाच्या डोक्यातून आलेली नाही.

असे वारंवार का होत नाही, याचे कारण बरेचसे आमच्या रचनेत आहे. क्लबाचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष बदलतो, त्याच्याबरोबर कार्यक्रम समिती बदलते, आणि आधीच्या समितीने जमवलेली वक्त्यांची नावे एखाद्या वहीत किंवा जुन्या फोनमध्ये पडून राहतात. नवी समिती पहिले दोन महिने मोठ्या नावांच्या मागे धावते. ती माणसे मिळत नाहीत, आणि मग सभा दोन दिवसांवर आली की, कोणाचा तरी मेहुणा, कोणाचा तरी सल्लागार बोलावला जातो. अशा वक्त्यांपैकी काहींचे भाषण म्हणजे स्वतःच्या योजनेची किंवा उत्पादनाची जाहिरात असते, हे सगळ्यांना पाचव्या मिनिटाला कळते आणि तरीही भिडेपोटी शेवटपर्यंत ऐकले जाते. रोटरीत सदस्यांनी आपल्या बोलण्या-वागण्याला लावायच्या चार प्रश्नांच्या कसोटीतला पहिलाच प्रश्न ‘हे सत्य आहे का?’ असा आहे. १९३२ साली हर्बर्ट टेलर या व्यावसायिकाने आपल्या डबघाईला आलेल्या कंपनीसाठी ती कसोटी लिहिली होती. आम्ही ती सभेत एकासुरात म्हणतो आणि लगेच विक्रेत्याला टाळ्या देतो.

सभा कमी केल्या तर दर्जा सुधारेल, असे काही सदस्य म्हणतात. रोटरीने २०१६ साली क्लबांना तशी मोकळीक दिलीच आहे. दर आठवड्याऐवजी महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते. माझा त्याला विरोध नाही. मात्र दोनच सभा उरल्या आणि त्या दोन्हींत घोषणा दुप्पट झाल्या, तर वक्त्याची मिनिटे आहेत तिथेच राहतील. त्यापेक्षा क्रम बदलावा. वक्त्याला आधी बोलू द्यावे, त्यानंतर प्रश्न घ्यावेत आणि वाढदिवस व सूचना शेवटी उरलेल्या वेळात बसवाव्यात. तेवढा वेळ उरलाच नाही तर दुसऱ्या दिवशी फोनवर संदेश पाठवता येतो. परिचय चार वाक्यांचा असावा. वक्त्याला निमंत्रण देतानाच ‘तुमचे ऐकल्यावर आम्ही काय करावे असे तुम्हाला वाटते?’ हे विचारून ठेवावे. या एका प्रश्नाने जाहिरात करणारा आणि खरोखर काही सांगणारा यांतला फरक फोनवरच कळतो, असा माझा अनुभव आहे.

यावर माझ्या एका स्नेह्याने, जे क्लबाचे माजी अध्यक्ष आहेत, मला सुनावले की, माणसे सभेला मैत्रीसाठी येतात, व्याख्यानमालेसाठी नव्हे. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. खुद्द हॅरिस यांना मोठ्या शहरातला एकटेपणा जाणवत होता आणि ओळखीची माणसे जोडण्याच्या ओढीतूनच त्यांनी ती पहिली बैठक बोलावली होती. दिवसभर दुकानात, दवाखान्यात किंवा न्यायालयात घालवलेल्या माणसाला तासभर थट्टामस्करी हवी असेल तर ती त्याला मिळायलाच हवी. पण मग त्या दिवशी पाहुणा बोलावू नये. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याची संध्याकाळ आणि त्याने तयार केलेली टिपणे वाया घालवणे हे मैत्रीत बसत नाही, आणि सौजन्यातही नाही.

आता आपल्याकडे दोन मागण्या. पहिली, ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात क्लबांच्या सभांची नोंद घेताना अध्यक्ष आणि सचिव यांच्या नावांऐवजी वक्त्याचे नाव आणि विषय छापावा, आणि सभा बाहेरच्यांना खुली आहे की नाही तेही. अनेक क्लब पाहुण्यांना येऊ देतात, परंतु ते कोणाला ठाऊक नसते. दुसरी मागणी क्लबांना कदाचित आवडणार नाही. सभेच्या छायाचित्रासोबत वक्त्याने काय सांगितले याचा निदान १०० शब्दांचा गोषवारा आला नसेल, तर ते छायाचित्र आपण बाजूला ठेवावे. पदग्रहणाचे छायाचित्र वर्षातून एकदा अवश्य छापा, त्याला कोणाची हरकत नाही. मात्र इतर वेळी गोषवारा लिहावा लागणार आहे हे माहीत असले की, कोणीतरी एक सदस्य वही-पेन घेऊन पुढच्या रांगेत बसेल, आणि लिहून घेण्याइतके बोलू द्यावे लागेल हे अध्यक्षांच्याही लक्षात येईल.

त्या अग्निशमन अधिकाऱ्यांना आम्ही पुन्हा बोलावले आहे. या वेळी सभेचा पहिला अर्धा तास त्यांचा असेल, आणि त्यानंतर ज्यांना यायचे आहे त्यांनी त्यांच्यासोबत दोन गल्ल्या पायी फिरून वळणांची रुंदी मोजायची, असे ठरले आहे. त्याचा वृत्तान्त मी आपल्याकडे पाठवीन. त्यात त्यांचे नाव पहिल्या ओळीत असेल. पदाधिकाऱ्यांची नावे जागेअभावी गाळावी लागली तरी चालेल.

कळावे,
आपला नम्र,
एका सेवा क्लबाचा सदस्य व आपला नियमित वाचक