जामिनाची सही आणि अहवालातले चौकोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘सिबिल कमी आहे, कर्ज होणार नाही’ एवढे एक वाक्य ऐकून मी बँकेतून घरी आले. तीस वर्षे शिक्षिकेची नोकरी झाली, स्वतःच्या कर्जाचा एकही हप्ता कधी थकवला नाही आणि आता घराच्या दुरुस्तीला चार लाख हवे होते. किती कमी, कशामुळे कमी, हे सांगायला त्या टेबलावर कुणाला सवड नव्हती. आणखी दोन ठिकाणी अर्ज केले, तिथेही तेच उत्तर. शेवटी भाच्याला शेजारी बसवून माझ्या कर्जांचा आणि परतफेडीचा तो अहवालच मागवला.

सिबिल हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे, पण असे अहवाल ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. 300 ते 900 मधला जो आकडा, म्हणजे आपले गुण, सगळे विचारतात तो पहिल्याच पानावर असतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मी सगळी पाने छापून घेतली आणि पेपर तपासायच्या सवयीने पट्टी व लाल पेन घेऊन ओळीओळीने वाचली.

सुरुवातीला नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. फोन क्रमांक माझा जुना, कधीच बंद झालेला. ही बारीकशी चूक नव्हे. आपला अहवाल कुणी मागवला की आपल्याला संदेश यावा असा नियम आता आहे, पण तो जाणार नोंदलेल्या क्रमांकावर.

त्यानंतर खाती. एक वैयक्तिक कर्ज मी सात वर्षांपूर्वी फेडले, नो ड्यूजचा कागद कपाटात आहे. अहवालात मात्र ते अजून चालू, वर बाकीही दाखवलेली. त्याखाली तिसरे खाते पाहिले आणि पट्टी तिथेच थांबली. रक्कम माझी नव्हती, बँकही माझी नव्हती. मालकीच्या रकान्यात शब्द होता : गॅरेंटर.

सहा वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सहकाऱ्याला मी जामीन राहिले होते. स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत चार सह्या केल्या. कुणी काही वाचून दाखवले नाही, मीही वाचले नाही. त्या कर्जाखाली महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन आहेत, छत्तीस महिन्यांचे. हप्ता वेळेवर गेला तर शून्य, नाहीतर किती दिवस थकला तो आकडा. ओळीने शून्ये होती आणि मग 30, 60, 90. तीन महिने त्यांच्या घरात आजारपण होते हे मला माहीत होते. त्यांना भेटायला मी गेलेही होते. पण तेच तीन महिने माझ्या नावावर असे उमटत आहेत याची कल्पना ना त्यांना होती ना मला. त्यांच्यावर माझा राग नाही. दुखते ते इतकेच की पहिला हप्ता थकला तेव्हा कुणी कळवले असते, तर तेवढे पैसे माझ्याकडे होते.

शेवटच्या भागात चौकशा. मी जिथे जिथे अर्ज केला ती प्रत्येक बँक, तारीख, रक्कम. धावपळीत केलेले ते दोन जादा अर्जही तिथे येऊन बसलेले, आणि अशा चौकशांनी गुण कमी होऊ शकतात. आपण स्वतः अहवाल पाहिला तर मात्र गुण कमी होत नाहीत. ही भीती अनेकांना असते, म्हणून मुद्दाम लिहिते. माझी मुदत ठेव, बचत खात्यातली शिल्लक यांचा अहवालात कुठेही उल्लेख नाही. काटकसरीने जमवलेला पैसा तिथे मोजलाच जात नाही. मोजली जाते ती फक्त उधारी आणि तिची परतफेड.

फेडलेल्या कर्जाची तक्रार मी ऑनलाइन केली, सोबत दाखला जोडला. एकोणीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. जामिनाची नोंद मात्र खरी आहे. खऱ्या नोंदीवर तक्रार चालत नाही आणि चालू नये.

माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. जामीनदाराची सही घेण्यापूर्वी ‘हे कर्ज तुमच्याही अहवालात दिसेल’ हे मराठीत लिहिलेला कागद त्याला वाचायला द्यावा आणि त्याची प्रत त्याच्याजवळ राहू द्यावी. दुसरे, पहिला हप्ता थकताच कर्जदाराइतकाच जामीनदारालाही निरोप जावा. माझ्यासारख्या सह्या स्टाफरूममध्ये, कारखान्यात, कचेरीत रोज होत आहेत. निदान आपल्या वाचकांनी आजवर कुणाकुणाला जामीन राहिलो ते आठवावे आणि अहवाल मागवून मालकीचा रकाना आधी पाहावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका