रविवार नको, षष्ठीच्या शनिवारी या

अंजर्ले,
मंगळवार, रात्री

प्रिय मनू,

काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मध्येच तोडून बोलणं माझ्याच्याने झालं नाही. तुम्ही चौघीजणी येणार, पाडल्याकडून उटंबरच्या डोंगरावर चढून पलीकडे केळशीला उतरणार, मग किनाऱ्याच्या वाळूवरून, पुळणीने चालत खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या टेकडीपर्यंत जाणार. ऐकून फार बरं वाटलं. फक्त तू ठरवलेला रविवार नको. फोन ठेवल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, त्या दिवशी पौर्णिमा आहे.

आजोबांचा हिशेब आठवतो ना? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही डोंगर उतरून खाली खडपाशी, किनाऱ्याच्या खडकांपाशी, याल तेव्हाच पाणी भरलेलं असणार, आणि तेही उधाणाचं. त्यापेक्षा पुढचा शनिवार घ्या. वद्य षष्ठी आहे. पहाटे साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पुरती ओहोटी. अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी जोराची भरती, जवळ आल्यामुळे पाण्याला तेवढा जोरही नसतो. मोबाइलवर भरतीचे तक्ते असतात तेही बघून ठेव, थोडा इकडेतिकडे फरक पडतो. पण तिथी आधी बघायची.

एवढं आग्रहाने का सांगतोय ते सांगतो. तू सहा वर्षांची होतीस. अमावास्येचा दुसरा दिवस होता. तुला शिंपले गोळा करायचे होते म्हणून उटंबरच्या पायथ्याच्या खडपात घेऊन गेलो. दुपारी बाराला भरती हे मला ठाऊक होतं, साडेदहापर्यंत परतू असं धरून चाललो होतो. तू एका डबक्यात खेकडा बघत बसलीस आणि मीही तुझ्याबरोबर बसलो. मागे वळून पाहिलं तर आलो ती वाट पाण्याखाली. तुला खांद्यावर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. पायाखाली कालवं चिकटलेले धारदार खडक, तळवे चिरत होते, आणि तू वर माझे केस धरून गाणं म्हणत होतीस. आईला मी ते दोन दिवसांनी सांगितलं. तुला आज सांगतोय.

शनिवारी सकाळी मीच तुम्हाला पाडल्यापर्यंत सोडेन. आठाला चालायला लागा. वर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. सावली नाही, पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्याच. पौषातलं गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं, दिसायला सुंदर पण पाय घसरतो, शिवाय कुसळं मोज्यांत घुसतात. पूर्ण पॅन्ट आणि पकड असलेले बूट हवेत. सड्याच्या कडेवरून केळशीची सगळी पुळण एका नजरेत दिसते, तिथे थोडा वेळ थांबा. समुद्रावर घिरट्या घालणारा पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड दिसला तर तो काकण. खाली उतरलात की महालक्ष्मीच्या देवळात जाऊन या, पेशवाईच्या वळणाचं देऊळ आहे, मला फार आवडतं.

आता टेकडीबद्दल. मैत्रिणींना लांबून ती वाळूचा ढीग वाटेल. जवळ गेल्यावर जिथे कड ढासळली आहे तिथे उभ्या राहा. वाळूत थर दिसतात. मध्येच शिंपल्यांचा पट्टा, कुठे खापराचा तुकडा, कुठे कोळशाची काळी रेघ. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला आणि ही वाळू वाऱ्याने साठलेली नसून सुनामीने आणून टाकलेली असावी, असं मांडलं. १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामाचा काफिला दाभोळच्या बाजूच्या समुद्रात होता. वारा नसताना समुद्र एकाएकी खवळला, जहाजं हादरली, हे पोर्तुगीजांनी लिहून ठेवलं आहे. मी तो थर पाहताना दर वेळी त्या सकाळी इथे कोण राहत होतं याचा विचार करतो. ते खापर कुणाच्या तरी चुलीवरचं असणार.

म्हणून एक मागणं आहे. टेकडीवर चढू नका. घसरगुंडी करायचा मोह होतो, मी समजू शकतो, पण एका पावलासरशी तो थर विस्कटतो आणि पुन्हा तसा लावता येत नाही. बाजूने चाला. वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल, तिच्यावरही पाय देऊ नका. तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. तिचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं असतं, लगेच ओळखशील. खापर उचलून पिशवीत टाकायचं नाही, फोटो काढा. आणि हे कासवांचे दिवस आहेत. कुंपण घातलेली घरटी दिसली तर लांबूनच बघा.

रमत गमत चाललात तरी एक-दीडपर्यंत टेकडीशी पोचाल. मी रिक्षा घेऊन खाडीकडे येऊन थांबतो. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून दोनला तुम्ही दिसला नाहीत तर मी पुळणीने तुमच्या दिशेने चालत येईन. तुम्ही दुसऱ्या वाटेने जाऊ नका, म्हणजे चुकामूक होणार नाही.

आई विचारतेय, चौघींत मासे न खाणारी कुणी आहे का. आणि रजा बदलून मिळाली की लगेच फोन कर.

तुझा,
बाबा